तेल्हाऱ्याच्या भिंतीवरची पौर्णिमा

माझी धाकटी बहीण पौर्णिमा कुणाच्याही घरी गेली की आधी त्यांच्या गोळ्यांची पाकिटं उचलून वाचते. फ्रीजवर, टीव्हीशेजारी, देवघराच्या कोनाड्यात, जिथे ठेवली असतील तिथली. नाव वाचते, उलटवून तारीख बघते आणि होती तशी ठेवून देते. लोकांना ते चमत्कारिक वाटतं. मला वाटत नाही. ती अकोल्याला डी.फार्म झाली, मुलगा शाळेत जायला लागल्यावर तिथल्याच एका दवाखान्याच्या मेडिकलमध्ये तीन वर्षं काउंटरवर उभी राहिली, आणि मग सात वर्षं घरी बसली. बसली म्हणते खरी, पण त्या सात वर्षांत ती बसलेली मी पाहिली नाही.

तिच्या सासूबाई मनकर्णाबाई एका सकाळी अंगणात सडा टाकता टाकता पडल्या. लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पौर्णिमाचे मिस्टर अंकुरराव बियाण्याच्या कंपनीत फिरतीवर, आज बुलढाणा तर उद्या यवतमाळ. घरात नणंद नाही, जाऊ नाही. पौर्णिमाने एक महिना रजा मागितली, मग आणखी एक महिना, मग दवाखान्याने दुसरी मुलगी ठेवून घेतली. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मनकर्णाबाई मागच्या वर्षी कार्तिकात वारल्या. तेरवी झाली, पाहुणे गेले. मुलगा शिवम नवोदयला होस्टेलवर. सकाळी उठून आता कुणाला कुशीवर वळवायचं नाही, हे पौर्णिमाच्या लक्षात आलं आणि घर तिला खायला उठलं. तेव्हापासून ती नोकरी शोधायला लागली.

तीन ठिकाणी जाऊन आली. तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न, मधली सात वर्षं काय केलं? पहिल्या ठिकाणी तिने सांगितलं, घरी होते. समोरच्या माणसाने मान हलवली आणि कळवतो म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी ती सासूबाईंचं सांगायला गेली, तर ते गृहस्थ म्हणाले की बाई, तुमचं कौतुकच आहे, पण या सात वर्षांत औषधं किती बदलली. तिसऱ्या ठिकाणी प्रश्न आला तशी ती फाइल उचलून उठूनच आली.

आणि मग आमच्या अमरावतीत एका मोठ्या दवाखान्याच्या मेडिकलमध्ये जागा निघाली. मला कळलं तसं मी तिला फोन केला. गुरुवारी मुलाखत होती, ती बुधवारी दुपारच्या गाडीने आली.

आल्यापासून तिचा पाय घरात ठरेना. मी झाडलेलं घर तिने पुन्हा झाडलं. मेथी निवडायला घेतली, अर्धी निवडून उठली, गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे काढले, घडी घातली, मोडली, परत घातली. मी म्हटलं, पोरी, दोन घोट चहा तरी बसून घे. तिने कप उचलला आणि दारात उभी राहून प्यायली, बस सुटायची असल्यासारखी. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तिने पिशवीतून फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"ताई, हे वाच. अंकुरनं करून दिलं."

बायोडाटा होता. चांगला टाइप केलेला. त्यात ती सात वर्षं कुठेच नव्हती. म्हणजे गाळलेली नव्हती, भरलेली होती. अकोल्याच्या नोकरीच्या खाली लिहिलं होतं, फार्मासिस्ट, मेडिकल स्टोअर, तेल्हारा, सात वर्षं.

यातलं खरंखोटं सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. तेल्हाऱ्याला भगवंतराव म्हणून मनकर्णाबाईंचे धाकटे भाऊ आहेत, अंकुररावांचे मामा. त्यांचं जुनं मेडिकल आहे. मेडिकल चालवायला फार्मासिस्ट लागतो, त्याचं नाव लायसनवर लागतं आणि त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर. भगवंतराव स्वतः शिकलेले नाहीत, दुकानदारीतच म्हातारे झाले. त्यांचा फार्मासिस्ट सोडून गेला तेव्हा ते अकोल्याला बहिणीला बघायला आले होते. पौर्णिमाला म्हणाले, तुझं सर्टिफिकेट पेटीत पडून काय करते? घरचंच दुकान आहे, भिंतीवर राहील. आमच्या भागात हे काही कुणी लपवून करत नाही. अर्ध्या घरांत असं एखादं सर्टिफिकेट असतं, जे माणसापासून दूर दुसऱ्या गावात टांगलेलं असतं. पौर्णिमाने सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि फ्रेम देऊन टाकली.

त्याच आठवड्यापासून मनकर्णाबाईंची सगळी औषधं भगवंतरावांकडून यायला लागली. दर शनिवारी तेल्हारा-अकोला एसटीच्या ड्रायव्हरजवळ पुडकं दिलेलं असायचं. ड्रायव्हर फोन करायचा आणि पौर्णिमा बसस्टँडवर जाऊन घेऊन यायची. एकदाही त्यांनी पैशाचा विषय काढला नाही. इकडून हिनेही काही मागितलं नाही.

त्या दुकानात ती एकदाच उभी राहिली. औषध निरीक्षक येणार असं कळलं म्हणून भगवंतरावांनी सकाळीच फोन केला. सासूबाईंना शेजारच्या गंगूबाईंच्या हवाली करून ती धावत तेल्हाऱ्याला गेली. भगवंतरावांनी नवा पांढरा कोट आणून ठेवला होता, खिशावर तिचं नाव शिवून घेतलेलं. कोट घालून ती काउंटरमागे उभी राहिली, आणि कोणती गोळी कोणत्या खणात हे तिला माहीतच नव्हतं. साहेब काही त्या दिवशी आले नाहीत. कोट तिथेच ठेवून दुपारच्या गाडीने ती परत आली.

अंकुररावांचं म्हणणं असं की यात खोटं काय? नाव सात वर्षं लायसनवर आहे, कागद साक्षीला आहेत, मामा फोनवर हो म्हणतील. तुझ्या नोकरीत खंडच नाही तर तू दाखवते कशाला? बायोडाटा टाइप करणारा मुलगासुद्धा म्हणाला, वहिनी, सगळेच भरतात.

पौर्णिमाने मला विचारलं, तुला काय वाटते? मी म्हटलं, मला नोकरीतलं काय कळतं. ती म्हणाली, नोकरीतलं नाही विचारून राहिली. मग मी उरलेली मेथी पुढे ओढली, कारण ती मला काय विचारत होती ते मला समजलं होतं.

गुरुवारी सकाळी आम्ही आधी अंबादेवीला गेलो. चपला काढायच्या जागी पोचलो आणि पौर्णिमाने फाइल माझ्या हातात दिली. म्हणाली, तू धर, मी जाऊन येते. मी म्हटलं, अगं आत घेऊन जा ना, पायाशी ठेव, सगळे ठेवतात. ती म्हणाली, हे कागद घेऊन तिच्यासमोर नाही जात मी. फुलवालीच्या टोपल्यांजवळ मी फाइल घेऊन उभी राहिले. ती आत जाऊन आली, पण तोंडावर दर्शन घेतल्याची शांती काही दिसली नाही. कुंकूसुद्धा वाकडं लागलं होतं, ते मीच नीट केलं.

दवाखान्यात मला आत जाता येत नव्हतं. मी समोरच्या टपरीच्या बाकावर बसून मनातल्या मनात नामस्मरण करत होते. आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं, आणि पुढचे दोन दिवस पुन्हा पुन्हा सांगितलं.

मुलाखत घेणाऱ्या दामिनी मॅडम मेडिकलच्या प्रमुख. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी साठा कसा लावता, फ्रीज कसा सांभाळता, तारीख उलटलेला माल कुठे ठेवता, असं विचारलं. पौर्णिमाने अकोल्याच्या दिवसांतलं आठवून उत्तरं दिली. मॅडम मान हलवत होत्या. म्हणाल्या, सात वर्षं गावाकडचं दुकान सांभाळलं म्हणजे सवय चांगली आहे. पौर्णिमाला वाटलं, झालं.

अंकुररावांनी सगळं जुळवलं होतं, पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. आपल्याकडे गावाचं नाव सांगून माणूस सुटत नाही. गाव सांगितलं की कोणत्या भागातले, आणि भाग सांगितला की कुणाच्या घरचे, हे विचारल्याशिवाय समोरच्याला चैन पडत नाही, मग तो साहेब असो की भाजीवाला.

मॅडमनी फाइल मिटता मिटता विचारलं, तेल्हाऱ्यात कुठे? पौर्णिमाने सांगितलं, बसस्टँडच्या रोडवर. भगवंतरावांचं का? हो. तुम्ही त्यांच्या कोण? भाचसून.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. तोवर पुस्तकातल्यासारखं बोलत होत्या, आता बोलणं घरचं झालं.

"माझं माहेर हिवरखेडचं, तेल्हाऱ्याच्या बाजूचं. बाबाची शुगरची औषधं त्याच दुकानातून नेतो मी, दर महिन्याले. तुमी कधी दिसल्या नाही."

पौर्णिमा सांगत होती, ताई, त्या वेळी मला पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटून राहिला होता. मामा फोनवर काय म्हणतील, अंकुर काय म्हणेल, सगळं एकदम डोक्यात आलं आणि निघून गेलं.

"माझं सर्टिफिकेट असते तिथं," ती म्हणाली. "मी नसतो. मी अकोल्याले घरी होती, सासूपाशी. त्या अंथरुणावर होत्या."

"मंग हे काहून लिहिलं?"

"घरी होती म्हटलं की त्याच्या पुढचं कोणी ऐकत नाही, मॅडम."

मॅडम काही वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी ऐकून राहिली. सांगा."

तर तिने सांगितलं. सासूबाईंना गिळता येत नव्हतं, तर कोणती गोळी कुटून द्यायची आणि कोणती कुटायची नाही हे डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्रंदिवस कूस बदलायची. दोन डॉक्टरांनी एकच औषध वेगवेगळ्या नावांनी लिहून दिलं होतं, तेवढं तिने पकडलं होतं. बाकी नवीन औषधं मला माहीत नाहीत, शिकावी लागतील, असंही ती म्हणाली. मॅडमनी कौतुक केलं नाही. त्यांनी सांगितलं की एक नाव दोन ठिकाणी चालत नाही, आणि माणूस एकीकडे, सर्टिफिकेट दुसरीकडे, हे कधी पकडलं गेलं तर दुकानाचं लायसन जाईल आणि तुमचं रजिस्ट्रेशनही. सोमवारपर्यंत मी जागा धरून ठेवते. सर्टिफिकेट तिथून काढून आणा, हा बायोडाटा बदलून आणा. दोन्ही नाही जमलं तर येऊ नका.

बाहेर आली तेव्हा मला वाटलं, हिला नाही घेतलं. तिचा चेहरा तसाच होता. नोकरी दिसत होती, पण ती तेल्हाऱ्याच्या भिंतीपलीकडे होती.

शुक्रवारी आम्ही दोघी अकोल्याला गेलो. अंकुररावांनी ऐकून घेतलं आणि जेवणाचं ताट सरकवून दिलं. मला म्हणाले, ताई, तुम्हीच सांगा हिला. जमलेली गोष्ट स्वतःच्या तोंडाने मोडून आली. आणि आता मामाचं दुकान बंद पाडायला निघाली. आईच्या आजारपणात त्यांच्याशिवाय कोण उभं राहिलं होतं? त्यांचंही खोटं नव्हतं. पौर्णिमा आतल्या खोलीत जाऊन मनकर्णाबाईंची रिकामी खाट पुसत बसली. रोज पुसते म्हणे.

शनिवारी सकाळी आम्ही अकोट मार्गे तेल्हाऱ्याला निघालो. अंकुरराव आले नाहीत. रस्त्यात कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग, बस मुंगीसारखी चाललेली. पौर्णिमा खिडकीशी बसली, मग आतल्या बाजूला आली, मग परत खिडकीशी गेली. मी तिला प्रसादाची खडीसाखर दिली, ती तिने मुठीतच धरून ठेवली. उतरताना पाहिलं तर हात चिकट झाला होता.

भगवंतराव दुकानात एकटेच होते. मफलर गुंडाळलेला, सत्तरी ओलांडलेले. आम्हाला पाहून खुश झाले, खुर्च्या झटकल्या, समोरून चहा सांगितला. त्यांच्या डोक्यावर, गजानन महाराजांच्या फोटोच्या बाजूला, ती फ्रेम. त्यातल्या फोटोत पौर्णिमाला दोन वेण्या आहेत.

चहा झाल्यावर ती बोलली ते एका दमात, नोकरीचं, सोमवारचं, फ्रेमचं. भगवंतराव गिऱ्हाइकाच्या गोळ्या कात्रीने कापत होते, ते कापतच राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले की तुझं नाव निघालं की मले शटर उघडता येत नाही. दुसरा माणूस भेटेपर्यंत काय करू? या वयात कुठे शोधू? मी त्या मॅडमले फोन करतो, समजावतो, दोन-चार महिने असंच राहू दे. पौर्णिमा मान हलवत राहिली, नाही नाही अशी. तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली.

"अक्काच्या गोळ्या सात वर्षं एसटीनं कोनं धाडल्या? एक तरी खाडा झाला काय?"

"नाही झाला, मामाजी."

"मंग?"

"तुमी धाडल्या म्हणूनच मी इतके दिवस काही बोलली नाही," पौर्णिमा म्हणाली. "आता मले जो भेटते तो विचारते, सात वर्षं काय केलं. अक्काले सांभाळलं म्हणाव, तर कागदावर मी इथं. इथं होती म्हणाव, तर मले तुमचे खणसुद्धा माहीत नाहीत. माझे सात वर्षं तुमच्या भिंतीवर टांगले आहेत, मामाजी. ते मले पाहिजेत."

"तुले लेकीसारखं मानलं मी."

"मानलं. म्हणून तर विचारायले आली. नाहीतर औषध खात्याच्या ऑफिसात अर्ज टाकून मोकळी झाली असती."

भगवंतराव उरलेल्या गोळ्यांची पट्टी खणात ठेवायला वळले. एक बाई मुलाला कडेवर घेऊन पायरीपाशी आली, खोकल्याचं औषध पाहिजे म्हणाली. त्यांनी खणाकडे हात नेला, मध्येच थांबवला, आणि पौर्णिमाकडे पाहिलं. मग त्या बाईला म्हणाले, पुढच्या दुकानात पाहून घे बापा, इथं आता फार्मासिस्ट नाही.

"काढ," ते पौर्णिमाला म्हणाले. "माझा हात नाही पुरत."

मी स्टूल धरलं, ती चढली. फ्रेमच्या मागे भिंतीचा रंग नवा होता, चौकोनी. खिळा तसाच राहिला. तिने आणलेल्या राजीनाम्यावर त्यांनी न वाचता सही केली. आम्ही पाया पडलो तेव्हा त्यांनी हात डोक्यावर ठेवला, पण निघताना म्हणतात तसं, परत ये जो, म्हणाले नाहीत. आम्ही रस्त्यावर आलो आणि मागे शटर पडल्याचा आवाज आला. भर दुपार होती.

बसमध्ये फ्रेम तिच्या मांडीवर. काच धुळीने भरली होती, ती पदराने पुसत राहिली. अकोट गेल्यावर तिने विचारलं, ताई, मी चुकली तर नाही ना? खोटं सुधारायला निघालं की त्याच्यात कुणाचं तरी दुकान बंद होतं, हे मला आधी माहीत नव्हतं. मी नुसती तिच्या हातावर हात ठेवून बसले.

रविवारी माझ्या घरी बसून तिने बायोडाटा नव्याने लिहिला. त्या सात वर्षांसमोर आधी सासूबाईंची सेवा असं लिहिलं, मग खोडलं. म्हणाली, सेवा म्हटलं की कौतुक मागितल्यासारखं होते. मग लिहिलं, घरी होते, सासूबाई लकव्याने आजारी होत्या, त्यांना सांभाळत होते, या काळात काउंटरवर काम केलेलं नाही. वाचून दाखवताना शेवटच्या वाक्याला अडखळली. मी म्हटलं, राहू दे तसंच.

सोमवारी अंबादेवीला गेलो तेव्हा तिने फाइल माझ्याकडे दिली नाही, आत घेऊन गेली.

दामिनी मॅडमनी तो कागद सावकाश वाचला, राजीनामा पाहिला, ऑफिसात नाव काढायचा अर्ज गेला का विचारलं. तीन महिने शिकाऊ म्हणून घेते, म्हणाल्या, तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलींच्या हाताखाली. चालेल का? पौर्णिमा म्हणाली, चालेल. नाव निघाल्याचं कळलं तसं तिला बोलावणं आलं.

आता ती आठवडाभर माझ्याकडे राहते आणि सुटीला अकोल्याला जाते. तीन महिने झाले, कायम केलं. अंकुरराव बोलायला लागले आहेत, आधी फोनवर भाजीचं, मग कामाचं. भगवंतरावांचं दुकान बरेच दिवस बंद राहिलं. मग अकोटचा एक मुलगा भेटला, रोज स्वतः येऊन बसतो म्हणे. दिवाळीला मात्र त्यांच्याकडून फराळाचा डबा आला नाही. इकडून पौर्णिमाने फोन केला, तर त्यांनी बरं आहे म्हणून ठेवून दिला. ती अजून कामावरून आली की कुठे बसत नाही. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या उचलते, तारीख बघते, कालच पाहिलेली असली तरी.

मागच्या शनिवारी ती अकोल्याला गेली असताना तिचा फोन वाजला. तेल्हारा गाडीचा ड्रायव्हर होता, तोच जुना. ताई, पुडकं आहे तुमच्या नावाचं, म्हणाला. ती म्हणाली, माझं कसं असेल, आता कोणी नाही घरी आजारी. तरी गेली. वर्तमानपत्रात बांधलेला भगवंतरावांच्या दुकानातला तो पांढरा कोट होता, धुऊन इस्त्री केलेला, खिशावर तिचं नाव. चिठ्ठी नाही, काही नाही.

तिच्या दवाखान्यात निळे कोट घालतात. पांढरा तिथे चालत नाही. तो तिने माझ्या कपाटात ठेवला आहे. दोनदा मी तिला तो बाहेर काढून, घडी मोडून, पुन्हा घालताना पाहिलं.